मधुमेही वृद्धांची निद्रा

वयाची साठी ओलांडलेल्या मधुमेही व्यक्तींच्या झोपेचा काळ, तिची खोली, तीत पडणारे खंड आणि सकाळी उठल्यावर वाटणारा ताजेपणा यांचा विचार या शीर्षकाखाली केला जातो. वार्धक्यात झोप स्वभावतःच हलकी होते; मधुमेहाने तीत आणखी व्यत्यय येतात आणि उलट, अपुऱ्या झोपेमुळे रक्तातील शर्करेचे नियंत्रण बिघडते. असा हा संबंध दुहेरी आहे. ‘म्हातारपणी झोप येत नाहीच’ या सार्वत्रिक समजुतीमुळे रुग्ण ही तक्रार सांगत नाही व वैद्यही ती विचारत नाही. वस्तुतः मधुमेही वृद्धाच्या मोडलेल्या झोपेमागे बहुधा शोधता येण्याजोगे आणि पुष्कळदा दूर करता येण्याजोगे कारण असते. क्वचित ते जिवावर बेतणारेही असते.

निद्रा व वार्धक्य : झोप ही सलग एकसारखी अवस्था नसून सुमारे ९० मिनिटांच्या आवर्तनांनी ती घडते, हे विद्युत् मस्तिष्कालेखाच्या साहाय्याने स्पष्ट झाले. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील यूजीन ॲसेरिन्स्की व नेथॅनिएल क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची निद्रावस्था वर्णिली. प्रत्येक आवर्तनात हलकी झोप, मंद तरंगांची गाढ झोप आणि ही स्वप्नबहुल अवस्था क्रमाने येतात. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पूर्वार्धात मिळते. तरुणाच्या झोपेत तिचा वाटा पंचमांशाच्या आसपास असतो. साठीनंतर तो बराच घटतो, जाग वारंवार येते व निजण्या-उठण्याची वेळ अलीकडे सरकते. तृतीय नेत्रपिंडातून अंधारात स्रवणाऱ्या मेलॅटोनीन या हॉर्मोनाचे प्रमाणही वयानुसार कमी होते. तथापि झोपेची गरज तेवढीच कमी होते, असे मात्र नाही. अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशन या संस्थेने २०१५ मध्ये पासष्टीनंतरच्या व्यक्तींना ७ ते ८ तास झोपेची शिफारस केली आहे. वृद्धाची झोप रात्री दोनदा मोडली, तरी तो लवकर पुन्हा निजत असेल व दिवसा उत्साही असेल, तर ते वयोमान समजावे. दिवसा बसल्याबसल्या डुलकी लागणे, चिडचिड, विस्मरण, तोल जाणे ही लक्षणे मात्र वयाच्या माथी मारू नयेत.

परस्परसंबंध : अपुऱ्या झोपेचा शर्करेवरील परिणाम प्रयोगाने प्रथम ठळकपणे दाखविला तो १९९९ मध्ये. शिकागो विद्यापीठातील कारीन स्पीगल, ईव्ह व्हान कॉटर इ. संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सहा रात्री प्रत्येकी केवळ चार तास झोपू दिले. भरपूर झोप दिलेल्या काळाच्या तुलनेने त्यांच्या रक्तातील ग्लुकोजाचा निचरा सुमारे ४०% मंदावला. २००८ मध्ये त्याच विद्यापीठातील एस्रा टासाली इत्यादींनी अधिक सूक्ष्म प्रयोग केला. झोपेचे एकूण तास कमी न करता केवळ गाढ निद्रा आवाजाच्या साहाय्याने तीन रात्री मोडली असता इन्शुलिनाला मिळणारा शरीराचा प्रतिसाद सुमारे एक-चतुर्थांशाने घटला. तासांइतकीच खोलीही महत्त्वाची आहे, हा त्याचा अर्थ. अनुकंपी तंत्रिका तंत्राची वाढलेली उत्तेजना, सायंकाळी न उतरणारी कॉर्टिसोलाची पातळी आणि भुकेचे नियमन करणाऱ्या हॉर्मोनांतील बदल यांद्वारे हा परिणाम घडतो, असे मानले जाते. हे दोन्ही प्रयोग निरोगी तरुणांवरील असल्यामुळे त्यांचे निष्कर्ष सत्तरीतील मधुमेह्याला जसेच्या तसे लावणे योग्य नाही. परंतु वृद्धाची गाढ निद्रा मुळातच तुटपुंजी असते. तीत आणखी तूट येणे त्यास परवडत नाही.

फार कमी झोपणाऱ्यांप्रमाणेच फार जास्त झोपणाऱ्यांतही मधुमेहाचे प्रमाण अधिक आढळते, हे अनेक देशांतील दीर्घकालीन पाहण्यांवरून दिसून आले आहे. या दुसऱ्या टोकाची जाणीव आयुर्वेदात जुनी आहे. चरकसंहितेत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले असून बैठे सुख व निद्रासुख यांचा अतिरेक प्रमेहाच्या कारणांत सांगितला आहे. दिवसा झोपणे चरकाने सामान्यतः वर्ज्य मानले. पण वृद्ध, बालक व दुर्बळ यांना, तसेच रात्री लहान असलेल्या ग्रीष्म ऋतूत सर्वांना, त्याची मुभा दिली. मेदस्वी माणसाला मात्र दिवसा झोपण्याची मनाई केली. आधुनिक वैद्यकात जास्त झोप ही कारणापेक्षा पुष्कळदा चिन्ह समजली जाते. रात्रीची झोप निकृष्ट असल्यामुळे, खिन्नतेमुळे किंवा अन्य आजारामुळे रुग्ण अधिक काळ अंथरुणात पडून राहतो.

महाराष्ट्रातील परिस्थिती : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार राज्यातील २० वर्षांवरील लोकसंख्येत मधुमेहाचे प्रमाण ८·४% होते. शहरी भागात ते १०·९%, तर ग्रामीण भागात ६·५% आढळले. संपूर्ण देशाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रमाण ११·४% आहे. मधुमेह हा केवळ शहरातील सुखवस्तूंचा रोग राहिलेला नाही. वृद्धांच्या झोपेविषयी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे ७२,००० व्यक्तींच्या राष्ट्रव्यापी पाहणीत माहिती गोळा केली. ती मुलाखतींवर आधारलेली आहे, म्हणजे झोप लागण्यातील अडचण, मध्यरात्री व पहाटे येणारी जाग यांविषयी लोकांनी स्वतः सांगितलेली आहे.

ग्रामीण परिस्थितीचे उदाहरण म्हणून यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागातील, झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबन व त्याचा परिसर घेता येईल. काळ्या जमिनीचा हा कापूस, सोयाबीन व तूर पिकविणारा मुलूख असून दक्षिणेस पैनगंगा नदी तेलंगणाची हद्द दाखविते. कोलाम व गोंड लोकांची वस्ती या भागात जुनी आहे. शेजारच्या वणी तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत. मुकुटबनला चुनखडीच्या आधारावर २०२२ मध्ये सिमेंट कारखाना सुरू झाला. खाणी व कारखाने यांतील पाळ्यांच्या कामामुळे रात्र-दिवसाचे जैविक घड्याळ विस्कटते आणि अशा कामात वर्षे घालविलेल्यांत मधुमेहाचा धोका अधिक असतो. निवृत्तीनंतरही कित्येकांची झोप पूर्वीच्या पाळीनुसार उघडते.

शेतकऱ्याची रात्रही मोकळी नसते. रानडुकरे व रोही यांपासून पीक राखण्यासाठी पेरणीपासून काढणीपर्यंत शेतात जागलीला जावे लागते. कर्ती मुले दिवसभर राबत असल्यामुळे हे काम बहुधा घरातील वडीलधाऱ्याकडे येते. ‘म्हाताऱ्याला झोप नाहीच, तर तो राखण करील’ असा त्यामागचा हिशोब असतो. मचाणावर अर्धवट जागे राहून काढलेली रात्र, पहाटे घरी येऊन रिकाम्या पोटी घेतलेली गोळी आणि दुपारची तीन तासांची झोप असा क्रम महिनोनमहिने चालला, तर औषधाची मात्रा कितीही वाढविली तरी शर्करा आटोक्यात येत नाही. वैद्याच्या कागदावर मात्र ‘पथ्य पाळत नाही’ एवढीच नोंद होते. हरभरा व गहू यांच्या ओलितासाठी कृषिपंपांना वीजपुरवठा आळीपाळीने रात्रीही होत असे व अनेक ठिकाणी अद्याप होतो. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. शेतीसाठी आखलेल्या या योजनेचा वृद्ध शेतकऱ्याच्या झोपेशीही संबंध आहे, ही बाब आरोग्यखात्याच्या नजरेतून सहसा सुटते.

उन्हाळ्यात या भागात पारा ४५° से.पर्यंत चढतो. पत्र्याची व सिमेंटची छपरे मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतात. झोप लागण्यासाठी शरीराचे आंतरिक तापमान किंचित उतरावे लागते आणि मधुमेहाने स्वायत्त तंत्रिका बिघडलेल्या वृद्धांत घाम येण्याची व त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावण्याची क्रिया मंदावलेली असते. त्यामुळे अंगणात बाज टाकून निजण्याची जुनी रीत त्यांच्या दृष्टीने शास्त्रशुद्धच ठरते.

झोप मोडण्याची कारणे : रात्री वारंवार लघवीस उठावे लागणे, हे सर्वांत परिचित कारण होय. रक्तातील ग्लुकोजाची पातळी १०० मिलि.मध्ये सुमारे १८० मिग्रॅ.च्या वर गेली म्हणजे मूत्रपिंड ते सर्व परत शोषून घेऊ शकत नाही. ग्लुकोज मूत्रात उतरते व आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. वृद्धांत ही मर्यादा वर सरकते. म्हणून शर्करा बरीच वाढलेली असूनही लघवी फारशी वाढत नाही, आणि याउलट लघवीस चारदा उठणाऱ्या वृद्धाची शर्करा ठीक असू शकते. अशा वेळी पुरुषांत वाढलेली अष्ठीला (प्रोस्टेट) ग्रंथी, स्त्रियांत मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्राशयाची तंत्रिका विकृती, रक्तदाबासाठी सायंकाळी घेतलेले मूत्रल औषध किंवा दिवसभर पायांत साठलेली व आडवे होताच रक्तात परतणारी सूज यांचा शोध घ्यावा लागतो. मूत्रावाटे ग्लुकोज बाहेर टाकणारी ‘ग्लिफ्लोझिन’ वर्गातील नवी औषधे यासाठीच सकाळी देतात. रात्रीचे हे उठणे केवळ झोप मोडते असे नाही. शौचालय अंगणाच्या टोकाला असलेल्या घरात अंधारात, अनवाणी आणि संवेदना गमावलेल्या पायांनी चालताना पाय मुरगळणे, काटा रुतणे, पडून खुब्याचे हाड मोडणे हे प्रकार घडतात. तळपायाच्या न कळलेल्या जखमेचा शेवट पाय कापण्यातही होऊ शकतो. खाटेजवळ ठेवलेले मूत्रपात्र, पायांत चप्पल व हाताशी विजेरी या गोष्टी म्हणूनच औषधाइतक्याच मोलाच्या आहेत.

दुसरे कारण पायांतील वेदना. दीर्घकाळच्या मधुमेहाने पायांच्या संवेदी तंत्रिका बिघडतात. तळव्यांची आग, मुंग्या, टोचल्यासारख्या कळा रात्री वाढतात आणि पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो. याहून वेगळी अशी एक अवस्था आहे : तीत वेदनेपेक्षा पाय हलविण्याची अनावर ओढ लागते व चालल्यावर बरे वाटते. ही ‘अस्वस्थ पाय’ अवस्था लोहन्यूनता किंवा मूत्रपिंडाचा विकार यांमुळे उद्भवू शकते. मेटफॉर्मिन हे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब१२ जीवनसत्त्व कमी पडते व त्यामुळेही तंत्रिकांना इजा होते. शाकाहारी वृद्धांत ही शक्यता अधिक. साध्या रक्ततपासणीने ती कळते आणि ही उणीव भरून काढणे स्वस्त व सोपे आहे. मधुमेहाचा अटळ परिणाम म्हणून ती सोसत राहण्याचे कारण नाही.

झोपेत घशातील मार्ग मिटल्याने श्वास वारंवार खंडित होणे, म्हणजे निद्राश्वासरोध, हे तिसरे कारण. घोरणे एकाएकी थांबते, काही क्षणांनी मोठ्या आवाजाने श्वास परत सुरू होतो. रुग्णाला याची जाणीव नसते, पण मेंदू प्रत्येक वेळी अर्धवट जागा होतो. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्थूल मधुमेह्यांपैकी ८६ टक्क्यांहून अधिक व्यक्तींत हा विकार कमीअधिक प्रमाणात आढळला. मुंबईत हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षांच्या ६५८ पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये असे दाखविले, की झोपेतील श्वसनदोषाचे प्रमाण १९·५%, तर दिवसाच्या झोपाळूपणासह असलेल्या निद्राश्वासरोधाचे प्रमाण ७·५% आहे. देहभारांक व मानेचा घेर यांच्याबरोबर मधुमेहाचा पूर्वेतिहास ही या दोषाशी निगडित असलेली प्रमुख बाब ठरली. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनामुळे वरकरणी सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या शरीरातही चरबी अधिक असते, हे जगाला परिचित झाले. २००४ मध्ये याज्ञिक व ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी आपले दोघांचे छायाचित्र व मापे प्रसिद्ध केली; दोघांचा देहभारांक सारखाच, २२·३ होता, परंतु चरबीचे प्रमाण अनुक्रमे २१·२% व ९·१% भरले. ‘हा तर काडीसारखा बारीक, याला कसला श्वासरोध’ असे म्हणून घोरणाऱ्या शेतकऱ्याची तपासणी टाळणे म्हणूनच चुकीचे ठरते.

खिन्नता व चिंता यांचा उल्लेख येथे थोडक्यात करणे भाग आहे, पण त्यांचे महत्त्व थोडके नाही. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, हे खिन्नतेचे ठळक लक्षण होय. कर्जबाजारीपणा व शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांमुळे यवतमाळ जिल्हा १९९० नंतरच्या दशकांत देशभर ओळखला गेला. मुलगा गमावलेल्या आईबापांच्या जागरणाचे मूळ रक्तशर्करेत शोधून चालत नाही.

रात्रीची रक्तशर्करान्यूनता : झोप मोडणाऱ्या सर्व कारणांत हे सर्वांत धोक्याचे व सर्वांत कमी ओळखले जाणारे कारण असल्याने त्याचा स्वतंत्र विचार करणे योग्य. रक्तशर्करा १०० मिलि.मध्ये ७० मिग्रॅ.च्या खाली उतरली म्हणजे शरीर ॲड्रेनॅलीन इ. हॉर्मोने सोडून प्रतिकार करते. छाती धडधडते, थरथर होते, घाम फुटतो व माणूस जागा होतो. वृद्धांत आणि जुन्या मधुमेह्यांत हा इशारा क्षीण होतो, झोपेत तर तो आणखीच मंदावतो. मग जाग येण्याऐवजी भयाण स्वप्ने पडतात, कपडे घामाने भिजतात, रुग्ण असंबद्ध बडबडतो किंवा उठून भलत्याच दिशेने चालू लागतो. सकाळी डोके दुखते व अंग मोडून येते. काही घरांत या बडबडीचा संबंध बाहेरच्या बाधेशी जोडला जातो, तर काही दवाखान्यांत तिला वार्धक्यातील बुद्धिभ्रंश ठरवून शामक गोळी दिली जाते. दुसरी चूक पहिलीपेक्षा कमी घातक नाही.

ग्लिबेनक्लॅमाइड हे जुने, स्वस्त औषध या बाबतीत विशेष कुप्रसिद्ध आहे. त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकतो आणि मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्या वृद्धाच्या शरीरात ते साठून राहते. म्हणून वृद्धांना ते देऊ नये, असा आता सर्वमान्य संकेत आहे. रात्रीच्या जेवणापूर्वी घेतलेल्या मध्यम मुदतीच्या इन्शुलिनाचा प्रभावही मध्यरात्रीनंतर शिगेला पोहोचतो. अशा औषधांवर असलेल्या व्यक्तीने रात्रीचे जेवण टाळणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. महाराष्ट्रातील वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न उपवासांशी निगडित आहे. एकादशी, चतुर्थी, नवरात्र यांचे उपवास त्या सोडीत नाहीत आणि गोळीही चुकवीत नाहीत. साबुदाणा व बटाटा यांनी शर्करा प्रथम झपाट्याने चढते व पुढे औषधाच्या प्रभावाखाली घसरते. हरतालिकेला तर निरंकार उपवास व जागरण एकाच वेळी घडतात. उपवास करू नका, असे सांगून हा प्रश्न सुटत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी अर्धी घ्यावी, कोणती वगळावी, हे वैद्याने आधीच लिहून दिले तर तो बव्हंशी सुटतो.

पहाटेची चढलेली शर्करा हा याच्याशी संबंधित, पण गोंधळात टाकणारा विषय. पहाटे वृद्धी हॉर्मोन व कॉर्टिसोल यांचा स्राव वाढल्यामुळे यकृतातून ग्लुकोज रक्तात येते व उपाशीपोटीची शर्करा वाढते. १९८० नंतरच्या काळात हा प्रकार ‘पहाट-आविष्कार’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यापूर्वी मायकेल सोमोजी यांनी रात्री शर्करा अतिशय उतरल्याची प्रतिक्रिया म्हणून ती सकाळी चढते, असे प्रतिपादिले होते. नंतरच्या मापनांत अशी प्रतिक्रिया क्वचितच आढळली. तथापि व्यवहारात नियम एकच : सकाळची शर्करा जास्त दिसते म्हणून रात्रीची मात्रा वाढविण्यापूर्वी दोन-तीन रात्री पहाटे तीनच्या सुमारास बोटातील रक्ताची तपासणी करावी. त्वचेखाली बसविलेल्या व सुमारे दोन आठवडे टिकणाऱ्या संवेदकाने हे काम झोप न मोडता होते. पण त्याची किंमत ग्रामीण रुग्णाच्या आवाक्याबाहेर आहे.

मूल्यमापन : झोपेची प्रत मोजण्यासाठी पिट्सबर्ग निर्देशांक ही प्रश्नावली सर्वत्र वापरतात. डॅनिएल बायसी इत्यादींनी ती १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. तीत मागील महिन्याविषयी १९ प्रश्न असून त्यांची उत्तरे सात घटकांत मांडून ० ते २१ असे गुण देतात. पाचापेक्षा अधिक गुण निकृष्ट झोप दर्शवितात. झोप वाईट आहे एवढेच ती सांगते, का वाईट आहे ते सांगत नाही. शिवाय किती वाजता निजलात, किती मिनिटांत डोळा लागला, हे प्रश्न घड्याळावर न जगणाऱ्या शेतकऱ्याला परके वाटतात. प्रयोगशाळेतील संपूर्ण निद्रालेखन मोठ्या शहरांतच उपलब्ध आहे. मुकुटबनसारख्या ठिकाणी बारकाईने केलेली विचारपूसच उपयोगी पडते आणि ती रुग्णाइतकीच त्याच्या शेजारी निजणाऱ्या व्यक्तीची करावी लागते. घोरणे मध्येच थांबते का, कपडे भिजतात का, किती वेळा उठावे लागते, पाय सतत हलतात का, गोळ्या कोणत्या व किती वाजता, शेवटचे जेवण केव्हा, जागल कोणाकडे, हे विचारण्यास दहा मिनिटे पुरतात. एकट्या राहणाऱ्या विधवा वा विधुर वृद्धांच्या बाबतीत हा साक्षीदारच नसतो. तेथे गावातील आशा कार्यकर्तीने केलेली चौकशी त्याची जागा काही अंशी भरून काढू शकते.

उपचार : कारणानुसार उपचार हे सूत्र येथे कसोशीने पाळावे लागते. मूत्रल औषध सकाळी घेणे, सायंकाळी काही वेळ पाय उंच करून पडणे, रात्रीच्या जेवणात मीठ कमी करणे यांनी रात्रीचे उठणे घटते. दिवसा पाणी तोडणे मात्र, विशेषतः उन्हाळ्यात, अनिष्ट होय. तंत्रिकांच्या वेदनेवर स्वतंत्र औषधे आहेत. त्यांतील काहींनी झोपही सुधारते, पण अल्प मात्रेपासून प्रारंभ करावा लागतो. निद्राश्वासरोधावर ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये वर्णिलेली, नाकावाटे सतत दाबाखाली हवा देण्याची पद्धती गुणकारी आहे. तिने घोरणे, दिवसाचा झोपाळूपणा व काही अंशी रक्तदाब कमी होतो. दीर्घकालीन रक्तशर्करा तिने सुधारतेच, असे चाचण्यांत सातत्याने दिसलेले नाही. यंत्र परवडत नसेल, तर कुशीवर निजणे व मद्य वर्ज्य करणे यांनी थोडाफार उतार पडतो.

रक्तशर्करेचे लक्ष्य वृद्धांत सैल ठेवणे हाही झोपेवरील उपचारच होय. सुदृढ वृद्धात ग्लायकोसिलीकृत हीमोग्लोबिन ७ ते ७·५ टक्क्यांच्या खाली आणि अनेक व्याधींनी ग्रासलेल्यात ८ टक्क्यांच्या खाली असले, तरी पुरेसे मानतात. तिशीतल्या रुग्णाचे आकडे सत्तरीत गाठण्याच्या हट्टापायी रात्रीची शर्करान्यूनता ओढवते. निजण्यापूर्वी शर्करा १०० मिग्रॅ.च्या आसपास किंवा खाली असेल व रुग्ण इन्शुलिनावर असेल, तर थोडे दूध किंवा अर्धी भाकर खाऊन निजणे श्रेयस्कर.

झोपेच्या गोळ्यांचा मोह टाळणे इष्ट. अल्प्राझोलाम, डायझेपाम इ. औषधे गाढ निद्रा वाढवीत नाहीत. उलट तोल जाणे, विस्मरण व श्वासरोध वाढवितात आणि शर्करान्यूनतेचा इशारा दडपतात. ती सवयीची बनतात व एकदम बंद करणेही धोक्याचे असते. दीर्घकालीन निद्रानाशावर बोधन-वर्तन चिकित्सा हा पहिला उपचार असावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये केली. तिचे सार साधे आहे : रोज ठराविक वेळी उठणे, झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जाणे, जागे असताना लोळत न पडणे आणि सकाळच्या उजेडात वावरणे. मोतीबिंदू वा नेत्रपटलाचा विकार असलेल्या मधुमेह्याच्या डोळ्यांतून मेंदूच्या घड्याळाकडे कमी प्रकाश पोहोचतो. म्हणून हा उजेड त्याला अधिक लागतो. दुपारची झोप अर्ध्या तासात आटोपावी; वैशाखात थोडी अधिक झाली तरी चालेल. चार वाजल्यानंतरचा चहा सोडणे जमते, पण विदर्भात घरोघर पोहोचलेला खर्रा सोडणे जड जाते. त्यातील निकोटीन उत्तेजक असून सुपारीनेही जाग वाढते. रात्री गालात खर्रा धरून निजणाऱ्याला झोपेची गोळी देणे व्यर्थ होय.

आडवे होताच दम लागणे व उठून बसल्यावर बरे वाटणे, हे निद्रानाशाचे नव्हे तर हृदय दुर्बळ झाल्याचे लक्षण समजून तत्काळ वैद्य गाठावा. मधुमेह्यांत हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. शर्करान्यूनतेची शंका आल्यास तपासणीची वाट न पाहता शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे व नंतर भाकर किंवा भात खाऊ घालावा. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये. त्यास कुशीवर वळवावे व लगेच रुग्णालयात हलवावे. इन्शुलीन अथवा ग्लिबेनक्लॅमाइडाच्या वर्गातील गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीने जागलीला जाताना विजेरी व काठी यांच्याबरोबर साखरेची पुडी सदऱ्याच्या खिशात ठेवावी आणि ती कशासाठी आहे, हे शेजारच्या शेतातील राखणदारास सांगून ठेवावे.